व्हिनेगरचे अनुमापन आणि दर्शकाची निवड
अनुमापनात संहती ठाऊक असलेले द्रावण ब्युरेटमधून थेंबथेंब सोडतात. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना नेमके पुरे पडतात तो समतुल्य बिंदू डोळ्यांना दिसत नसल्याने रंग बदलणारा दर्शक घालावा लागतो. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल सौम्य असल्यामुळे कॉस्टिक सोड्याने त्याचे अनुमापन करताना हा बिंदू उदासीन मानल्या जाणाऱ्या ७ सामूवर न येता, तयार झालेल्या ॲसिटेटमुळे ८.७ च्या आसपास येतो, आणि म्हणून साधारण ८.३ ते १० दरम्यान गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिनच येथे योग्य ठरते. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच लालाचे पिवळे होऊन, बरेचसे आम्ल शिल्लक असतानाच काम संपल्याचे भासवते. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावे; पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइडने ती विरली तरी आणखी सोडा घालू नये.