पुनरागमनाचा पहिला भाग

थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू करणे हे नवी गोष्ट सांगण्याहून अवघड काम आहे. नव्या गोष्टीचा श्रोता कोरा असतो. थांबलेल्या गोष्टीपुढे मात्र दोन तऱ्हेचे श्रोते येऊन बसतात. एकाला मागचे सारे मुखोद्गत असते, दुसऱ्याला त्यातले काहीच ठाऊक नसते. पहिल्यासाठी सांगावे तर दुसरा उठून जातो. दुसऱ्यासाठी सांगावे तर पहिला जांभया देऊ लागतो. सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या तासाला प्रत्येक शिक्षकापुढे हाच पेच उभा राहतो. हा पेच उत्तम रीतीने सोडविल्याचे एक उदाहरण आम्हांस सापडले ते दूरचित्रवाणीच्या एका विज्ञानमालिकेत.

ही मालिका म्हणजे बीबीसीची ‘डॉक्टर हू’. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखविला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती आणि लोकांचे चित्त त्या वार्तेत गुंतलेले होते. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म १९३८ साली आपल्या लखनौचा! त्यांच्या आई अतिया हुसेन या नामवंत लेखिका. शिक्षकांना विशेष गोड वाटावी अशी गोष्ट म्हणजे या भागाचे नायक दोन शिक्षकच आहेत, एक विज्ञानाचा व एक इतिहासाची. वर्गातील एक मुलगी काही विषयांत विलक्षण तयार, तर काही साध्या गोष्टींत अगदी अजाण, हे पाहून ते कुतूहलाने तिच्या मागोमाग जातात. भंगाराच्या आवारात पोलिसांची एक निळी पेटी उभी असते. आत पाऊल टाकावे तो बाहेरून कपाटाएवढी दिसणारी ती पेटी आतून एखाद्या दिवाणखान्याहून प्रशस्त! तेच काळातून प्रवास करणारे यान.

ही मालिका २६ वर्षे चालली आणि १९८९ मध्ये थांबली. १९९६ मध्ये एका दूरचित्रपटाच्या रूपाने तिला पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला. त्याच्या आरंभीच जुने शत्रू, जुने ग्रह, जुनी वैरे यांचे निवेदन होते, आणि मग जुन्या नायकाचे देहांतर. ज्यांना पूर्वकथा माहीत होती ते सुखावले असतील; नवख्याला मात्र उंबऱ्यावरच वंशावळ ऐकावी लागली. त्या चित्रपटातून पुढे मालिका उभी राहिली नाही.

पुढे २६ मार्च २००५ रोजी रसेल डेव्हिस या लेखकाने तीच मालिका नव्याने सुरू केली. पहिल्या भागाचे नाव ‘रोझ’. रोझ ही लंडनच्या एका दुकानात काम करणारी एकोणीस वर्षांची मुलगी. सकाळी उठणे, कामावर जाणे, घरी येणे, एवढेच तिचे जग. एका संध्याकाळी दुकानाच्या तळघरात कपड्यांचे पुतळे चालू लागतात, आणि एक अनोळखी पुरुष तिचा हात धरून म्हणतो, पळ! तो कोण, कुठला, त्याने काय भोगले, याचा फारसा उलगडा तेव्हा होतच नाही. जसजसे रोझला कळते, तसतसे आपल्याला कळते. नवख्या प्रेक्षकाला वाट दाखविणारी ती त्याच्याच वयाची मुलगी होती. जुन्या प्रेक्षकाला ती निळी पेटी दिसली एवढ्यानेच भरून आले असेल. सुमारे एक कोटी आठ लाख प्रेक्षकांनी तो भाग पाहिला, आणि मालिका पुढे वर्षानुवर्षे चालली. नीट पाहिले तर १९६३ चीच युक्ती होती ती. अनोळखी जगात प्रवेश करायचा तो अनोळखी माणसाचे बोट धरूनच.

वाचकहो, या प्रकाराशी आपल्या मराठीचाही दुरून का होईना संबंध आहे. १९६१ साली बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही विज्ञानमालिका गाजली आणि १९६२ मध्ये तिचा उत्तरार्ध आला. मुख्य अभिनेत्री बदलली, कथेचा देश बदलला, तरी गोष्ट पुढे चालली. तिचे एक लेखक होते केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल, आणि त्याच वर्षांत त्यांच्या हाताखाली संशोधन करीत होते आपले जयंत नारळीकर. कोल्हापुरास जन्मलेले, पण वाढलेले बनारसला. म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातले. हिंदीच्या गंगेकाठी राहूनही त्यांची मराठी आटली नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती पहिली आली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या कथा मात्र आपल्या कपाटात आहेत.

हे सारे आम्ही लालबर्ऱ्यात बसून का लिहीत आहोत? १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आमच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी सीमा बदलली. विदर्भाचे जिल्हे एकीकडे गेले, बालाघाट दुसरीकडे राहिला. शाळा हिंदीची, बाजार हिंदीचा, खेड्यांत पोवारीचा गोडवा, आणि मराठी राहिली ती घरात. आता तिसरी पिढी आली आहे. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. मराठीची मालिका घराघरांत थांबण्याच्या बेतात आहे.

ती पुन्हा सुरू करायची तर पहिला भाग कसा असावा? आम्हां वडीलधाऱ्यांचा आरंभ बहुधा १९९६ च्या चित्रपटासारखा असतो. आमचे मूळ गाव, आमचे घराणे, आमच्या वेळची नागपूरची शिस्त. मूल मान डोलावते आणि संधी मिळताच निसटते. त्याऐवजी रविवारी दुपारी अर्धा तास नारळीकरांची एखादी कथा मोठ्याने वाचावी. लिपीची भीती नाही, देवनागरी त्याला येतेच. ‘ळ’ तेवढा नवा; आणि हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत छडी होऊन येते हे कळल्यावर ते खळखळून हसेल. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगू नये. रहस्याच्या जागी पुस्तक मिटावे आणि पुढचे पान त्याच्याकडून वाचून घ्यावे. चुकला तर चुकू द्यावे.

घरातील जुनी मंडळी म्हणतील, एवढ्याने का मराठी टिकते? आमचे म्हणणे इतकेच की पहिल्या भागाचे काम सारे सांगून टाकण्याचे नसते. पुढच्या रविवारी मुलाने स्वतः होऊन ‘आजोबा, पुढे काय झाले?’ असे विचारले, तर ते काम झाले असे समजावे. मग घराण्याचा इतिहासही ते आपणहून विचारील, आणि तेव्हा सांगणाऱ्याने हात आखडता घेऊ नये.