तांबडा डाग आणि आईची साक्ष

आपल्या पाथरीकडे तान्ह्या बाळाच्या गालावर तांबडा डाग दिसला, की आईलाच बोल लागतो, 'पोटुशी असताना ग्रहण पाहिलंस ना!' मग कुणी बिब्बा सुचवतो, कुणी डागायला सांगतो. वाचकहो, यात ग्रहणाचा काही संबंध नाही. हा खेळ कातडीतल्या रक्तवाहिन्यांचा.

याचे मुख्य प्रकार दोन. ते १९८२ साली अमेरिकेतील मलिकन व ग्लोवाकी यांनी स्पष्ट वेगळे केले. पहिली रक्तवाहिन्यांची साधी गाठ. जन्मतः ती बहुधा नसते, फार तर पुसट खूण असते. पुढे काही आठवड्यांत ती झपाट्याने फुगते आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू ओसरते. दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांच्या घडणीतील दोषाचा. तो जन्मजातच असतो. बाळाबरोबर वाढतो, आपोआप जात नाही. निळसर मऊ फुगवटा रडताना वाढला तर दोष शिरांचा समजावा. हाताला ठोका लागला तर धमनीचा संशय घ्यावा. शंका उरल्यास डॉप्लर सोनोग्राफी करतात.

तेव्हा निदानाची किल्ली आईपाशीच आहे : डाग केव्हा दिसला, कसा वाढला? दर महिन्याला फोटो काढून तारीख लिहून ठेवा. मात्र गाठ डोळ्याजवळ किंवा ओठावर असेल, चिघळली असेल किंवा श्वासाला घरघर लागली असेल, तर थांबू नका. लगेच दवाखाना गाठा. २००८ पासून अशा गाठीवर प्रोप्रॅनोलॉल हे गुणकारी औषध ठाऊक झाले आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे. बिब्ब्याचा व्रण मात्र जन्मभर राहतो.