अंगणातल्या द्राक्षवेलीला घड का लागत नाहीत?

आष्टी परिसरात कामानिमित्त फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, दारात द्राक्षाची वेल लावली, मांडव भरून गेला, सावली झकास पडते, पण तीन वर्षं झाली, घडाचा पत्ता नाही." वाचकहो, अशा बहुतेक वेलींना एकदाही कात्री लागलेली नसते.

फ्रान्स-इटलीच्या थंडीत वेलीची पाने गळतात, वेल विश्रांती घेते आणि वर्षाला एका छाटणीवर भागते. आपल्या परतूर तालुक्यात कुठली आलीय तेवढी थंडी? वेल बारा महिने वाढतच राहते. म्हणून महाराष्ट्रातला बागायतदार दोनदा छाटतो. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीला जाऊन बघा. पाणलोटाच्या कामानंतर तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या, त्या ह्याच दोन छाटण्यांवर.

पहिली, एप्रिलची खरड छाटणी. ओलांड्यावरच्या काड्या एक-दोन डोळे राखून कापायच्या. ऐन उन्हाळ्यात हिरवागार मांडव बोडका करायला घरातल्या बायामाणसांचा जीव होत नाही, हे मला ठाऊक आहे. सावलीच जाते ना! पण महिना-दीड महिन्यात नवी फूट मांडव पुन्हा झाकू लागते. आणि खरी गोम इथेच आहे. पुढच्या हंगामाचा घड ह्या नव्या काडीच्या डोळ्यात मे-जूनमध्येच धरतो. त्यासाठी काडीला ऊन लागले पाहिजे. फुटींची गर्दी झाली असेल तर विरळणी करा. वेल न्हाणीच्या सांडपाण्यावर सोडायची आपली सवयही इथे नडते. सतत ओल राहिली की वेल नुसता पाला वाढवते, शिवाय साबण-सोडा मुळांशी जातो तो वेगळाच.

दुसरी, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमधली फळछाटणी. पिकून तपकिरी झालेली काडी सहा-सात डोळ्यांवर कापा. नव्या फुटीबरोबर घड बाहेर पडतात आणि फेब्रुवारी-मार्चात द्राक्षे खायला मिळतात. डोळे लवकर फुटावेत म्हणून बागायतदार काडीला हायड्रोजन सायनामाईड लावतात. ते विषारी आहे, घरी त्याचे नाव काढू नका. चार डोळे उशिरा फुटले म्हणून काही बिघडत नाही.

नवीन वेल लावणार असाल तर डॉगरिज खुंटावरचे कलम घ्या, बोअरच्या क्षारपाण्यात ते तग धरते. थॉमसन गोड, बिनबियांची, पण नाजूक. बंगलोर पर्पलला बिया असतात, साल जाड असते, मात्र रोग कमी. मांडवाखाली बाज असते, पाण्याचा माठ असतो, लेकरं खेळतात. तिथे कमी फवारणीची जातच बरी, असे माझे मत. मांडव सात फूट उंच ठेवा आणि खोड एकच, सरळ वर न्या.

केवडा रोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण पुरते: दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडे प्लॅस्टिकचे घ्या, लोखंडी नको. फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षे कुणी चोरू नयेत म्हणून हे निळे पाणी शिंपडत; त्या वेलींवर रोग नाही हे मिलार्देंच्या ध्यानात आले आणि १८८५ साली ते औषध म्हणून जगापुढे आले. घड पक्व होऊ लागल्यावर मात्र फवारा बंद, आणि वरून जाळी टाका. बुलबुल आपल्या आधी चव घेतो.