पोहण्याच्या हौदाचें पांघरूण

आमच्या आचऱ्याच्या घरामागें बागेची विहीर आहे. तिच्यांत पाठीला सुका भोपळा बांधून मी वयाच्या आठव्या वर्षीं पोहावयास शिकलों. पोहण्यासाठीं निराळें पाणी लागतें ही कल्पना त्या काळीं कोणाच्या डोक्यांत नव्हती. चैत्र संपतां संपतां विहिरीचा तळ दिसूं लागला कीं पोहणें आपोआप बंद होत असे.

१९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढें मालवण-तारकर्लीपासून आमच्या गांवापर्यंत घरोघर पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या, आणि आतां जेथून समुद्राची गाज ऐकूं येते अशा अंगणांतही पोहण्याचे हौद दिसूं लागले आहेत. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. शहरांतून आलेल्या माणसाला समुद्र पाहावयास हवा असतो, पण लहान मूल घेऊन लाटेंत शिरण्याचा धीर त्याला होत नाहीं. माझ्या मुंबईच्या पुतण्यानें तेंच हेरलें, आणि गुळगुळीत कागदावर छापलेलीं रंगीत पत्रकें घेऊन तो एके दिवशीं घरीं आला. त्याला माझी केवळ संमति हवी होती. परंतु तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविलेल्या माणसाकडून हिशेबाशिवाय संमति मिळणें कठीण. ज्या श्रोत्यांच्या घरीं असा हौद आहे किंवा व्हावयाचा आहे, त्यांच्या उपयोगीं पडेल म्हणून तो हिशेब आज सांगतों.

हौद ठरला ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० घनमीटर, अर्थात् ४०,००० लिटर पाणी. एकदां भरलें कीं झालें, असें पुतण्याचें म्हणणें. मीं दुसरा आंकडा मांडला. आमच्या किनाऱ्यावर पावसाळा सोडून इतर दिवसांत उघड्या पाण्याचा सुमारें चार ते सहा मिलिमीटरांचा थर रोज वाफ होऊन जातो. पांच धरूं. एक चौरस मीटर पृष्ठभागावरचा एक मिलिमीटर थर म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हां ३२ चौरस मीटरांवरून रोज १६० लिटर गेले. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत हा थर १२०० मिलिमीटरांचा होतो. हौदाची खोली १२५० मिलिमीटर! भर न घालतां तो उघडा टाकला तर मृगाचा पाऊस येईतों फरशी दिसूं लागेल. एक हौद पाहुण्यांसाठीं भरावयाचा आणि तेवढाच दुसरा आकाशासाठीं.

पुतण्याला हें पटलें नाहीं. हौद बांधून झाला, पहिल्या पावसाळ्यांत भरला, आणि दिवाळीनंतर पाणी उतरूं लागलें तेव्हां गवंड्यानें काम कच्चें केलें असा त्यानें बोभाटा केला. सुदैवानें त्या मार्गशीर्षांत गांवपळण आली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : दर तीनचार वर्षांनीं आमचा सारा गांव गुरांढोरांसह, कुत्र्याकोंबड्यांसह तीन दिवस आणि तीन रात्रीं वेशीबाहेर जाऊन राहतो, आणि श्रीदेव रामेश्वराचा कौल मिळाला म्हणजे परततो. ह्या काळांत पंप बंद, नळ बंद, हौदाजवळ चिटपांखरूंही नाहीं. निघतांना मीं हौदाच्या पायरीवर हौदाच्याच पाण्यानें भरलेली एक बालदी ठेवली. आंतील आणि बाहेरील पाणी एका पातळींत आणून दोन्हीकडे खडूनें नव्हे, रंगानें खूण केली. परत येऊन पाहतों तों दोन्ही ठिकाणीं पाणी सारखेंच, सुमारें बोटभर उतरलेलें. हौद गळत असता तर हौदांतलें पाणी बालदीपेक्षां खालीं गेलें असतें. गवंडी निर्दोष सुटला. ही परीक्षा कोणालाही करतां येईल. तिला बालदीखेरीज कांहीं खर्च नाहीं.

पण खरी गोष्ट पुढें वैशाखांत घडली. उतरलेलें पाणी भरून काढण्यासाठीं विहिरीवरचा पंप रोज चालत होता. एके सकाळीं गडग्यापलीकडून शेजारच्या काकी म्हणाल्या, “गुरुजींनू, औंदा बांयत कळशी बुडना नाय.” एवढेंच. आमच्या हौदाचें नांवही त्यांनीं घेतलें नाहीं. दोन्ही विहिरींचा झरा एकच, असें माझे वडील सांगत; खरेंखोटें कोणी खणून पाहिलेलें नाहीं. आमची जमीन जांभ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडूनही तो चाळणींतून गळावा तसा समुद्राला मिळतो, आणि खाडीलगत उपसा फार झाला तर गोड्या पाण्याची जागा खारें पाणी घेऊं लागतें. त्या दिवसापासून हौदांत पोहणाऱ्या पाहुण्यांकडे पाहतांना माझ्या तोंडांत घांस फिरूं लागला. पुतण्याला मीं पत्र धाडलें, आणि आठ दिवसांत पांघरूण आलें.

तें चुकीचें आलें. ह्या चुकीचें कारण समजून घेण्यासारखें आहे. पांघरुणाचीं पत्रकें मुळांत थंड देशांसाठीं लिहिलेलीं असतात. तेथें पाणी तापविण्यास पैसा लागतो, आणि तापलेल्या पाण्याची ऊब मुख्यतः वाफेच्या वाटेनें जाते. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता उरलेल्या पाण्यांतून निघून जाते. १६० लिटरांबरोबर शंभराहून अधिक युनिटें गेलीं. म्हणून तेथें पारदर्शक, फुगेदार पांघरूण घालतात. ऊन आंत येतें, वाफ बाहेर जात नाहीं, पाणी ऊबदार राहतें. आमच्याकडे वैशाखांत हेंच पांघरूण घातल्यावर काय व्हावें? मातीच्या माठांतलें पाणी गार राहतें तें पाझरून वाफ होते म्हणून. उघडा हौद हाही एक मोठा माठच. माठाला मेणकापड गुंडाळून उन्हांत ठेवावा तसें आम्हीं केलें, आणि दहा दिवसांत पाणी आंघोळीच्या पाण्याइतकें कोमट झालें. पाणी वांचलें खरें, पण पाहुणे काठावरच बसले.

कोंकणांत पांघरूण घ्यावयाचें तें पाण्यासाठीं, उबेसाठीं नव्हे. म्हणून तें अपारदर्शक असावें आणि वरचा रंग फिकट असावा. ऊन परतवून लावणें हें त्याचें काम. उजेड अडला कीं शेवाळ धरत नाहीं, आणि पाण्यांत घातलेला क्लोरीन, जो उन्हानें झपाट्यानें नाश पावतो, तोही टिकतो. मागाहून आम्हीं असेंच घेतलें. मूळचें पारदर्शक पांघरूण पौष-माघांतील थंड सकाळींसाठीं ठेवून दिलें आहे. वाऱ्यानें वाफ वाढते, म्हणून समुद्राच्या बाजूला मेंदीचें कुंपण लावलें. पाण्यावर छाया धरण्याची युक्ति कांहीं आमची नव्हे. गुजरातेंत महेसाणा जिल्ह्यांत नर्मदेच्या कालव्यावर २०१२ सालीं सौर पत्र्यांचें छप्पर घातलें गेलें, त्यानें वीजही होते आणि खालच्या पाण्याची वाफही कमी होते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हौदाचा आकार साधा, लांबट चौकोनी ठेवावा. पत्रकांत काजूच्या आकाराचे हौद फार सुंदर दिसतात, पण काजूला पांघरूण शिवणें महाग आणि गुंडाळणें अशक्य. चौकोनी हौदाच्या टोकाला रूळ बसविला कीं एक माणूस दोन मिनिटांत तें गुंडाळतो. जें उचलण्यास दोन गडी लागतात, तें पांघरूण पंधरा दिवसांत कोपऱ्यांत जाऊन पडतें, मग त्याची किंमत कितीही असो. आणि हें मात्र आवर्जून सांगतों : तरंगतें पांघरूण म्हणजे झांकण नव्हे. त्यावर पाय दिलेलें मूल खालीं जातें आणि वरून दिसतही नाहीं. पोहण्यापूर्वीं तें संपूर्ण काढावें, अर्धें गुंडाळून कोणालाही पाण्यांत उतरूं देऊं नये, आणि हौदाला कुंपण व कडी वेगळी असावीच.

आतां विजेकडे वळूं. हौदाचें पाणी वाळूच्या फिल्टरांतून फिरविणारा पंप हाच विजेचा मोठा भोक्ता. विक्रेत्यानें आम्हांला दीड अश्वशक्तीचा पंप सुचविला होता. तो तासाला सव्वा ते दीड युनिट घेतो. रोज आठ तास चालला तर महिन्याला तीनशेंहून अधिक युनिटें होतात. परंतु आमची गरज किती? ४०,००० लिटर पाणी आठ तासांत एकदां फिरवावयाचें म्हणजे तासाला ५,००० लिटर. एवढ्याला अर्ध्या अश्वशक्तीचा चांगला पंप पुरतो. मोठा पंप घेतला म्हणजे पाणी अधिक स्वच्छ होतें हा भ्रम आहे. जोराच्या प्रवाहानें वाळूंतून घाण उलट पुढें निसटते.

ज्याला गति कमीजास्त करतां येईल असा पंप परवडत असेल त्यानें तो अवश्य घ्यावा. कारण पंपाची गति निम्मी केली तर पाणी निम्मेंच येतें, पण शक्ति एक-अष्टमांश लागते. दुप्पट वेळ चालविला तरी कागदावर खर्च चौथा हिस्सा. प्रत्यक्षांत त्याहून थोडा अधिक, तरीही फरक मोठाच. अमेरिकेंत जुलै २०२१ पासून हौदाच्या पंपांना कार्यक्षमतेचे सक्तीचे नियम लागू झाले, ते ह्याच कारणासाठीं. आपल्याकडे फ्रिजवरचे तारे मोजण्याची संवय आतां लागली आहे. पंप घेतांना अश्वशक्तीचा आंकडा न विचारतां, किती वॅट घेऊन किती उंचीवर ताशी किती लिटर देतो, हें विचारावें. दुकानदार गोंधळला तर दुसरें दुकान पाहावें.

नळाकडे कोणी लक्ष देत नाहीं. तितकेंच पाणी दीड इंची नळाऐवजीं दोन इंची नळांतून नेलें तर घर्षण जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतें. नळ जमिनींत गाडण्यापूर्वीं ही सुधारणा थोडक्या पैशांत होते. नंतर फरशी फोडावी लागते, जशी आम्हांला लागली. वळणें कमी असावीं, काटकोनी तर शक्यतों नसावींच. फिल्टर धुण्याचें पाणी आम्ही एका खड्ड्यांत दोन दिवस उन्हांत राहूं देतों आणि मग माडांना सोडतों.

पाणी तापविण्याचें यंत्र आम्हीं घेतलें नाहीं. पुण्या-नाशिकाकडे हिंवाळ्यांत तें लागेल; तेथें हवेंतील उष्णता ओढून घेणारा हीट पंप घ्यावा, एका युनिटांत तो चारपांच युनिटांची ऊब देतो. पण पांघरूण नसतांना तो घेणें म्हणजे फुटक्या घागरीला नवा दोर.

हौद भरण्याचीही तजवीज बदलली. घराचें छप्पर सुमारें १०० चौरस मीटरांचें आहे. ४०० मिलिमीटर पाऊस त्यावर पडला कीं ४०,००० लिटर पाणी पन्हाळींतून उतरतें, म्हणजे आमच्या पावसाळ्याचा सातवा-आठवा हिस्सा. पहिल्या दोन सरींचें पाणी सोडून देऊन उरलेलें आषाढांत हौदांत घेतों, आणि त्याखेरीज दहा हजार लिटरांची एक टांकी भरून ठेवतों. हौद दिवसांतून चारपांच तासच उघडा राहत असल्यामुळें तेवढ्यांत वैशाख निभतो. विहिरीवरून हौदाकडे जाणारा नळ मीं स्वतः काढून ठेवला आहे. तो माडीवर आहे आणि माडीची किल्ली माझ्याजवळ.

गेल्या वैशाखांत एकदां गडी सायंकाळीं पांघरूण ओढावयास विसरला. सकाळीं काठावरची रंगाची खूण पाहून तें मला कळलें, त्याला कळविलें, आणि चहा घेत असतां गडग्यापलीकडून विहिरींत कळशी पडल्याचा आवाज आला. भरलेली कळशी वर येतांना रहाट निराळा करकरतो. तो तसा करकरला.