हायकोर्ट गावात आलं, पाळणा घरातच

कोल्हापुरातल्या वकील आईचं वेळापत्रक १८ ऑगस्ट २०२५ ला थोडं सैलावलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज त्या दिवशी इथे सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथे चालतात. तोवर हायकोर्टाच्या तारखेसाठी लेकराला आजीजवळ झोपवून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची आणि मुंबईत नंबर लागलाच नाही, तर तसंच परतायचं.

रजेचं गणित मात्र सुटलेलं नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे झाली; ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. पण हे सगळं नोकरदार बाईसाठी. स्वतंत्र वकिली करणारीने रजा मागायची कुणाकडे? काम बंद, की फी बंद. तिच्या जागी एखादी मैत्रीण उभी राहते आणि पुढची तारीख मागून घेते.

खरी ओढाताण संध्याकाळची. पक्षकार ऑफिसात येतात ती वेळ आणि मुलांच्या गृहपाठाची वेळ नेमकी एकच. मग टेबलाच्या एका टोकाला कैफियतीचा मसुदा, दुसऱ्या टोकाला पाढ्यांची वही.