फुग्यांच्या पिठात राहून गेलेला घटक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला उत्तन, पाली, चौक, डोंगरी या गावांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाला आणि नाताळला तळले जाणारे फुगे मैदा, अंडी, नारळाचे दूध व साखर यांच्या पिठाचे असतात. हे पीठ पूर्वी ताडीने आंबवीत, आता बहुधा यीस्टने, म्हणजे साखरेवर जगणाऱ्या एकपेशीय बुरशीने आंबवतात. आंबवण कोणतेही असो, एखादा घटक घालायचा राहिल्यास दुरुस्ती होईल की नाही हे त्या घटकाचे काम काय आणि ते कोणत्या टप्प्यावर घडते यावर ठरते. हे ध्यानात न घेतल्यामुळे चांगले पीठ टाकून दिले जाते.

गैरसमज : यीस्ट राहिले की पीठ वाया गेले.
वस्तुस्थिती : यीस्टअभावी पीठ बिघडत नाही, ते फक्त फुगत नाही. कोरडे यीस्ट ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या थोड्या कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसह भिजवून, फेस आल्यावर पिठात मळून घेतल्यास आंबवण नव्याने सुरू होते. पाणी कढत असल्यास मात्र यीस्ट मरते आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ वर येत नाही.

गैरसमज : उशीर भरून काढण्यासाठी साखर वाढवावी.
वस्तुस्थिती : साखर यीस्टचे अन्न असली तरी तिचे प्रमाण फार झाल्यास ती पेशींतील पाणी बाहेर खेचते आणि आंबवण मंदावते. उत्तनच्या दमट, उबदार हवेत पीठ एरवीही लवकर फुगते. म्हणून घड्याळापेक्षा पीठ दुप्पट झाले की नाही हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते.

गैरसमज : मीठ यीस्टला मारते, तेव्हा ते राहिले तर उत्तमच.
वस्तुस्थिती : योग्य प्रमाणातील मीठ आंबवण्याचा वेग आवरते आणि ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारी प्रथिनांची जाळी, घट्ट करते, त्यामुळे बिनमिठाचे पीठ झपाट्याने फुगते, चिकट व सैल होते आणि त्याची चव फिकी लागते. भाईंदरच्या मिठागरांच्या परिसरात मिठाची उणीव नसते, उणीव असते ती आठवणीची. पहिल्या फुगवणीनंतरही मीठ चमचाभर पाण्यात विरघळवून मळून घेता येते.

गैरसमज : ताडी नसेल तर व्हिनेगर किंवा सोडा तेच काम करतो.
वस्तुस्थिती : ताडाच्या रसातील साखरेचे यीस्ट मद्यार्क व कर्बवायूत रूपांतर करते आणि पुढे विशिष्ट जिवाणू त्या मद्यार्कापासून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, बनवतात. व्हिनेगर ही आंबवणाची पुढची अवस्था असल्याने त्याच्या भरवशावर पीठ वर येत नाही. सोडा आम्लाशी लगेच वायू सोडतो, परंतु आंबवणाची चव देत नाही. ताडीऐवजी यीस्टच घ्यावे. नीराही तशी चालत नाही, कारण ती आंबू नये यासाठीच मडक्याला चुना लावून पहाटे उतरवलेली असते.

गैरसमज : जास्त आंबलेले पीठ टाकूनच द्यावे.
वस्तुस्थिती : अतिआंबलेल्या पिठात आम्ल वाढून ग्लुटेन सैल पडते, म्हणून त्याचे फुगे बसके होतात, पण त्याला दुर्गंध किंवा बुरशी नसेल, तर त्यातील जिवंत यीस्ट ताज्या मैद्यात मिसळून पुन्हा कामाला लावता येते. अंडी व नारळाचे दूध घातलेले पीठ मात्र उष्ण हवेत फार काळ ठेवू नये.

थोडक्यात, राहून गेलेला घटक तळण्यापूर्वी आठवला, तर बहुतेक वेळा तो भरून काढता येतो. कढईत पडलेल्या फुग्यात मात्र काहीच घालता येत नाही, म्हणून मळलेल्या पिठाची चव आणि उभारी तेल तापण्याआधीच पाहून घ्यावी.