वकील नेमका कुणाचा?

नाशिकच्या अंबड, पाथर्डी फाटा, कामटवाडे या पट्ट्यात फ्लॅट किंवा रो-हाउस घेणाऱ्या कुटुंबाच्या व्यवहारात बहुतेक वेळा तीन वकील असतात आणि तिघांपैकी एकही त्या कुटुंबाचा नसतो. पहिला बिल्डरचा. त्याने जमिनीचा सर्च घेऊन टायटल रिपोर्ट दिलेला असतो आणि तोच महारेराच्या संकेतस्थळावर चढवलेला असतो. दुसरा बँकेच्या पॅनेलवरचा. त्याची फी घेणाऱ्याच्याच खिशातून जाते, पण अहवाल मात्र बँकेच्या फायलीत जाऊन बसतो. तिसरा दस्त नोंदवून देणारा. तो कधी वकील असतो, कधी नुसता एजंट. चलन भरणे, दुय्यम निबंधकाकडे वेळ घेणे, अंगठे-फोटो उरकणे हे त्याचे काम आणि त्यालाही बहुधा बिल्डरने किंवा दलालानेच आणलेले असते. तिघेही आपापले काम चोख करत असतील, असे धरून चालू. तरीही या व्यवहारात चौथा वकील लागतो: घेणाऱ्याने स्वतः शोधलेला, स्वतः फी दिलेला आणि विसार देण्याआधी गाठलेला.

हा चौथा वकील का लागतो, याचे मूळ आपल्या कायद्याच्या रचनेत आहे. आपल्याकडे सरकार दस्त नोंदवते, मालकीची हमी देत नाही. दुय्यम निबंधक मुद्रांक पुरेसा आहे का, समोर आलेली माणसे तीच आहेत का, सोबतचे कागद नियमाप्रमाणे आहेत का, हे पाहतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही याचा निवाडा करणे त्याचे काम नव्हे. सातबारा हा महसुली कागद. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, इतकेच त्याचे वजन. ‘सातबाऱ्यावर नाव आहे’ या वाक्यावर आपल्याकडे लाखोंचे सौदे होतात, पण न्यायालयांनी वर्षानुवर्षे सांगितले आहे की महसुली नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही. म्हणजे मालकी हा कुणीतरी सगळे कागद वाचून काढायचा निष्कर्ष असतो. मुंबईत बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन झालेले सॉलिसिटर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. नाशकात तसा वेगळा वर्ग नाही. इथे दिवाणी काम करणारा वकीलच हे करतो आणि म्हणूनच निवड डोळसपणे करावी लागते.

स्थानिक वकील हवा असे म्हणायचे कारण अंबडच्या जमिनीच्या इतिहासात आहे. हे मुळात शेतीचे गाव. शिवारातला एक भाग औद्योगिक वसाहतीसाठी गेला आणि तिथले भूखंड एमआयडीसीने 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. शेजारी सिडकोने सहा योजनांतून नवीन नाशिक उभे केले. 1982 मध्ये महापालिका आली आणि उरलेल्या गटांचे तुकडे होऊन लेआउट पडत गेले. काही रीतसर बिनशेती होऊन, काही गुंठ्यागुंठ्याने नुसत्या साठेखतावर. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूचे घर भाडेपट्ट्याच्या जमिनीवर, दुसऱ्या बाजूचे मालकीच्या, आणि मागच्या गल्लीतले गुंठेवारीतले, असे इथे घडू शकते. गुंठेवारीचा कायदा 2001 चा. त्याची मुदत पुढे 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. पण कायद्याखाली अर्ज करता येतो याचा अर्थ त्या विशिष्ट घराचा अर्ज मंजूर झाला आहे असा नव्हे. विकणाऱ्याच्या बोलण्यात हे दोन्ही हमखास एकच होऊन जातात.

सर्च तीस वर्षांचा घ्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज. अंबडसारख्या गावात तो अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजपासून तीस वर्षे मागे गेले तर आपण 1990 च्या दशकात थांबतो. पण इथल्या जमिनींचे नशीब ठरवणाऱ्या गोष्टी त्याआधीच्या आहेत. कूळ कायद्याचा कृषक दिन 1 एप्रिल 1957 चा. त्या दिवसानंतर कुणाचे कूळ मालक झाले, जमीन कोणत्या अटीवर मिळाली, ‘इतर अधिकार’ या रकान्यात नवी शर्त किंवा भोगवटादार वर्ग-2 असा शेरा होता का आणि तो उठला तर कुणाच्या आदेशाने, हे जुन्या फेरफारांत सापडते. संपादनात गटाचा काही भाग गेला असेल तर उरलेला पोटहिस्सा नेमका कुठे, हे मोजणी नकाशाशिवाय कळत नाही. आणि मग बहिणींचा प्रश्न. महाराष्ट्राने मुलींना सहदायाद म्हणून हक्क 1994 मध्येच दिला होता, तोही तेव्हा अविवाहित असलेल्यांना. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्वांना मिळाला. विनीता शर्मा खटल्यात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वीच्या विक्रीला आणि नोंदणीकृत वाटणीला या दुरुस्तीने धक्का लागत नाही. त्यानंतर भावांनीच सह्या करून बिल्डरला दिलेल्या वडिलोपार्जित जमिनीत मात्र बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठे आहे, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. फेरफारावर बहिणीचे नाव ‘कमी केले’ एवढ्याने भागत नाही.

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे ‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे कागद स्वच्छच असणार’. बँकेची तपासणी निरुपयोगी नाही. एखाद्या प्रकल्पाला चार बँकांनी नकार दिला असेल तर तो मोठा इशाराच समजावा. पण बँकेला तिचे कर्ज वसूल होईल का एवढेच पाहायचे असते आणि त्यासाठी तिच्याकडे तुमचा पगार, सहकर्जदार, जामीनदार असे मार्ग असतात. उद्या मालकीचा दावा हरलात तरी हप्ता थांबत नाही. शिवाय बँकेच्या वकिलाचा अहवाल बँकेसाठी असतो. त्यात चूक निघाली तर त्याला जाब विचारणे घेणाऱ्याला सोपे जात नाही. पुनर्विक्रीच्या फ्लॅटमध्ये तर आणखी एक फट आहे. मूळ दस्त बँकेत ठेवून घेतलेले जुने गहाण नोंदवावे लागत नव्हते, त्यामुळे ते सूची क्रमांक 2 मध्ये दिसेलच असे नाही. म्हणून जाणता वकील सर्चबरोबर सरसाई ही गहाणांची केंद्रीय नोंदणीही पाहतो आणि मूळ दस्त डोळ्यांसमोर ठेवायला सांगतो. ‘ओरिजिनल हरवले आहे’ असे उत्तर आले की तक्रारीची प्रत, जाहीर नोटीस आणि प्रतिज्ञापत्र झाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. देशदूत किंवा गावकरीच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापल्या जाणाऱ्या त्या जाहीर नोटिसांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. तरी आपल्या गटाचा नंबर छापून आल्यावर एखादा विसरलेला वारस हजर होतो आणि तो विसाराआधी हजर होणे केव्हाही बरे.

दुसरा आक्षेप रेराचा. 1 मे 2017 पासून महारेरा आले आणि घेणाऱ्याची बाजू खरोखर बळकट झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत साठेखत केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ताबा लांबला तर कलम 18 खाली व्याज किंवा परतावा मागता येतो, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षे राहते. पण ज्या प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरहून अधिक नाही किंवा सदनिका आठांहून अधिक नाहीत, त्याला नोंदणीची सक्तीच नाही. अंबडच्या गल्ल्यांतले छोट्या प्लॉटवरचे अपार्टमेंट आणि चार-सहा रो-हाउसच्या ओळी नेमक्या यात बसतात. तिथे 1963 च्या मोफा कायद्याचा आधार उरतो आणि तो वापरायला वकीलच लागतो.

आणि टायटल निर्मळ असूनही घर अडकू शकते, याचा धडा नाशिककरांना कपाट प्रकरणाने दिला. कपाटासाठी म्हणून एफएसआयबाहेर मंजूर करून घेतलेली जागा अनेक इमारतींत खोलीतच मिसळून टाकली होती. 2015 च्या सुमारास महापालिकेने अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडवले आणि हजारो सदनिका कितीतरी काळ लटकल्या. कर्ज, नळजोडणी, पुनर्विक्री, सगळेच रखडले. त्या इमारतींच्या टायटल रिपोर्टमध्ये चूक नव्हती. चूक मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष भिंती यांच्यातल्या फरकात होती. सर्चमध्ये हे दिसणार नाही. म्हणून चांगला वकील नकाशा मागतो आणि वास्तुविशारदाकडून किंवा अभियंत्याकडून जागेवर ताडून घ्यायला सांगतो. दाखला न देणे ही सेवेतील त्रुटी असून दाखला मिळेपर्यंत ती चालूच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये समृद्धी सोसायटीच्या खटल्यात म्हटले. निकाल मोलाचा आहे. पण तो मिळवायला सोसायटीला वर्षानुवर्षे भांडावे लागले, तेव्हा त्याच्या भरवशावर ताबा घेणे शहाणपणाचे नव्हे.

सिडकोच्या जुन्या घरांची गोष्ट निराळी. तिथे जमीन मुळात भाडेपट्ट्याची, त्यामुळे हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागत आले. हे टाळण्यासाठी किंवा सवयीने मूळ लाभार्थ्याकडून नुसते मुखत्यारपत्र आणि साठेखत घेऊन घरे हातोहात गेली. सूरज लॅम्प खटल्यात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा कागदांनी मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला असेल तर ते साधारणपणे संपते आणि मग सह्या त्याच्या वारसांच्या लागतात. मूळ घरावर चढवलेला मजला मंजूर आहे का, हेही इथे वेगळे विचारावे लागते.

हे सगळे आता ऑनलाइन पाहता येते, मग वकील कशाला, असाही प्रश्न येतो. सातबारा, मालमत्ता पत्रक, ई-सर्च, महारेरा, सगळे घरबसल्या दिसते आणि प्रत्येकाने ते पाहावेच. (ई-सर्चमध्ये जिल्हा नीट निवडावा, अंबड नावाचा तालुका जालना जिल्ह्यातही आहे.) पण संगणकावर अलीकडच्या वर्षांचे कागद असतात. जुन्या सूच्या कार्यालयात बसूनच पाहाव्या लागतात. सर्च रिपोर्टच्या शेवटी बारीक अक्षरात ‘अमुक वर्षाच्या सूचीची पाने फाटलेली’ असे वाक्य असते, ते वाचून त्या वर्षांतले फेरफार वेगळे मागवणारा माणूस हवा. संकेतस्थळावर कागद मिळतो, कोणता कागद मिळाला नाही ते मात्र कळत नाही.

असा वकील शोधायचा कसा? बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे फलक पाहून काही कळत नाही. विचारपूस अशा लोकांकडे करावी ज्यांचा व्यवहार अडला होता आणि सुटला. ज्यांचा बिनबोभाट पार पडला त्यांना आपला वकील चांगला होता की नशीब, हे सांगता येत नाही. पहिल्या भेटीत दोन गोष्टी विचाराव्यात: या बिल्डरचे किंवा या विकणाऱ्याचे काम तुम्ही करता का, आणि अहवालावर माझे नाव घालून सही कराल का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर माणूस कितीही भला असला तरी नमस्कार करून निघावे. दुसऱ्याला टाळाटाळ झाली तरी तेच. उलट, जो वकील आधी गट नंबर विचारतो, कागदांची यादी देतो, ‘अमुक फेरफार मिळाल्याशिवाय मत देणार नाही’ म्हणतो, त्याच्याकडे बसावे. फी आधी ठरवावी आणि सर्च, मसुदा तपासणी, नोंदणीच्या दिवशी हजेरी यांपैकी तीत काय काय येते ते लिहून घ्यावे. खर्चाची कुरकुर करणारी मंडळी दलाली निमूटपणे देतात. घर मिळवून देणाऱ्याला टक्क्यांत आणि नको ते घर टाळून देणाऱ्याला घासाघीस करून, हा हिशेब मला कधी उमगलेला नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी: बिल्डर छापील करारातले एक अक्षर बदलत नाही, मग वकील वाचून काय करणार? यात तथ्य आहे. पण महारेराचा आदर्श मसुदा उपलब्ध आहे. त्यापासून करार कुठे ढळला आहे, हे वकील तासाभरात दाखवू शकतो. चटई क्षेत्र, ताब्याची तारीख, पार्किंग, इमारतीची सोसायटी होणार की 1970 च्या कायद्याखाली अपार्टमेंट, आणि जमीन नावावर कधी करून देणार, या कलमांवर बोलणी होऊ शकतात. झाली नाहीत तर निदान आपण कशावर सही करतो आहोत ते कळते आणि नको असेल तर उठता येते. पण हे उठणे विसार देण्याआधीच परवडते. नंतर परताव्यासाठी खेटे सुरू होतात. म्हणून विसार पावती ही सगळ्यात छोटी, पण सर्वांत आधी वकिलाला दाखवण्याची चिठ्ठी. तीत एकच जादा ओळ घालून घ्यावी: घेणाऱ्याच्या वकिलाच्या मते टायटल निर्वेध न आढळल्यास विसाराची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. ही ओळ लिहायला विकणारा का कू करू लागला, तर सर्चची फी वाचली असे समजून दुसरे घर पाहायला जावे.